देवमाशाचं गाणं आणि बाबांचे कान

आमच्या कारापुरात रात्री साडेनऊपर्यंत जेवणं आटोपतात. बायको स्वयंपाकघर आवरते, मुलगा मोबाईल घेऊन आपल्या खोलीत जातो आणि मी सोप्यावर कॉम्प्युटर उघडून बसतो. दिवसभर कचेरीत आवक-जावकाचे नंबर चढवायचे आणि रात्री घरी येऊन देवमाशांचं ऐकायचं, असा माझा गेल्या दोन हिवाळ्यांचा नेम आहे. कचेरीत एकदा सहज बोलून गेलो, तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "देवमाशांचं मागाहून ऐका, आधी साहेबांचं ऐका!" असो.

याची सुरुवात मुलाने करून दिली. तो साखळीच्या सरकारी महाविद्यालयात विज्ञान शिकतो. मी पडलो कलाशाखेचा. समुद्राशी माझा संबंध म्हणजे कवितांतला समुद्र आणि ताटातलं बांगड्याचं हुमण, एवढाच. कारापूर तर वाळवंटीच्या काठचं गाव. दर्या पाहायचा तर बस धरून तासाभराची वाट. एका रात्री मुलाने मला बोलावलं आणि म्हणाला, "पप्पा, हे ऐका, आत्ता चाललंय." मला वाटलं, क्रिकेट असेल. बघतो तर पडद्यावर चित्रच नाही. नुसत्या निळ्या-पिवळ्या रेघा सरकताहेत आणि जुन्या वाड्याचं दार कुणीतरी हळूहळू ढकलत असल्यासारखा आवाज येतोय. मग एक लांब हुंकार. मग शांतता. पुन्हा दार.

तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरातला आवाज होता. पाण्याखाली चालणारा मायक्रोफोन असतो, त्याला हायड्रोफोन म्हणतात. तिथल्या सागरी संशोधन संस्थेने असा एक हायड्रोफोन सुमारे ९०० मीटर खोल तळावर ठेवला आहे. किनाऱ्यापासून तिथवर ५२ किलोमीटर लांबीची केबल टाकलेली आहे. २०१५ पासून तो आवाज टिपत आला आहे आणि संस्थेने ते आवाज इंटरनेटवर थेट ऐकवायचीही सोय केली. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा हिवाळ्यात तिकडे सकाळचे आठ. म्हणजे तिकडचा देवमासा न्याहारीला बसलेला आणि मी जेवून हात धुतलेला!

तिथून जरा उत्तरेला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑर्कासाउंड नावाचा असाच उपक्रम आहे. तिथे किनाऱ्यालगत हायड्रोफोन ठेवले आहेत आणि घरबसल्या ऐकणारी साधी माणसं 'आत्ता आवाज आला' म्हणून कळवतात. तिथे ऑर्का ऐकू येतात. त्या पाण्यात त्यांची तीन कुळं राहतात, सगळी मिळून ऐंशीदेखील नाहीत. प्रत्येक कुळाची हाक वेगळी. ज्यांचे कान तयार झाले आहेत ते नुसत्या हाकेवरून कूळ सांगतात. मला यात नवल वाटलं नाही. पेडण्याचा माणूस आणि काणकोणचा माणूस तोंड उघडताच आपण ओळखतो की नाही? तसंच ते.

वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे वाचून आज रात्रीच कुणी ऐकायला बसलात, तर बहुधा निराश व्हाल. थेट ऐकणं म्हणजे दहात नऊ वेळा काहीच न ऐकणं. नुसती सुसू. किनाऱ्याजवळचा हायड्रोफोन असला तर मध्येच तडतड, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. ती बारक्या कोळंबीच्या जातीची करामत. आणि सर्वांत जास्त ऐकू येते ती बोट. दुरून येणारी घरघर, जवळ येते, वाढते, सगळं व्यापते आणि मग कितीतरी वेळ विरत राहते. देवमाशाची पाळी त्यानंतर, ती आली तर.

पाण्यात उजेड फार खोल जात नाही. दोनेकशे मीटरांखाली अंधारच सुरू होतो. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. म्हणून देवमाशाचे डोळे म्हणजे त्याचे कान. खाणं, जोडीदार, पिल्लू, वाट, सगळं त्याला आवाजावरच शोधावं लागतं.

माणसाला हे गाणं कळलं ते अगदी अलीकडे. अमेरिकेचे रॉजर पेन यांनी १९७० साली कुबड असलेल्या देवमाशांच्या, म्हणजे हंपबॅक व्हेलच्या, गाण्यांची तबकडी काढली. त्यांनी आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की हे नुसतं ओरडणं नव्हे. त्यात ओळी आहेत, त्या ठरल्या क्रमाने येतात, पूर्ण झाल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मुखडा आहे, अंतरा आहे आणि पुन्हा मुखड्यावर येणं आहे. पुढे १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात माणसांच्या ५५ भाषांतल्या नमस्कारांबरोबर देवमाशाचा आवाज घातला. त्या भाषांत आपली मराठीही आहे. आणि त्याच तबकडीवर आहे सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी! केसरबाई केरीच्या. आमच्या सत्तरीतलं केरी नव्हे, फोंड्याकडचं. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान चोवीसशे कोटी किलोमीटरांपलीकडे आहे. गोव्याच्या एका बाईचा सूर आणि देवमाशाचा हुंकार एकाच तबकडीवर बसून चालले आहेत. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आता बाबांकडे येतो. खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठीच.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. आमच्याच तालुक्यातल्या एका खाणीवर त्यांनी ३२ वर्षं काढली. आधी क्रशरजवळ, मग डंपरवर. त्या खाणीचं नाव कशाला घेऊ? तिथे कानाला लावायला कधी काही दिलं नाही आणि त्या काळी ते मागायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी कापसाचा बोळा घालायचा, कुणी पंचा गुंडाळायचा. पगार वेळेवर व्हायचा, त्यावर आमची शिक्षणं झाली, घराची कौलं बदलली. तक्रार करायला तोंड नव्हतं. निवृत्त होऊन घरी बसल्यावर हळूहळू कळलं, की बाबांना कोकिळा ऐकू येत नाही. मग फोनची घंटा. मग नातवाचं बोलणं.

डॉक्टरने कागदावर आलेख काढून दाखवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक आवाज. बाबांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे जाऊन जी खाली कोसळली होती ती बघून मला खाणीचा खंदकच आठवला. यंत्र घेतलं, पण "शिटी मारता" म्हणून बाबांनी ते चार दिवसांत कपाटात ठेवलं. मग आम्ही ओरडून बोलू लागलो. बाबा चिडायचे, "आड्डटा कित्याक?" म्हणजे ऐकू येत होतं, पण काय बोललो ते कळत नव्हतं. आम्ही थकलो. माणूस थकला की बोलणं कमी करतो. 'जेवायला चला'पुरतं उरलं, तेसुद्धा हाताच्या खुणेने. एकाच छपराखाली राहून बाबांशी शेवटचं सलग कधी बोललो होतो, ते मला आठवेना.

सगळ्यात वाईट झालं ते भजनाचं. आमच्या विठ्ठलापूरच्या विठ्ठल मंदिरात बाबा लहानपणापासून भजनाला बसत. टाळाचा आवाज बारीक, तो त्यांच्या कानातून आधी गेला. टाळ नाही म्हणजे ताल नाही. एका एकादशीला सगळे थांबले आणि बाबा एकटेच पुढची ओळ गात राहिले. पाठीमागची दोन-तीन पोरं हसली. पोरंच ती, त्यांना काय बोल लावायचा! पण त्या दिवसानंतर चार वर्षं बाबा भजनाला बसले नाहीत. देवळात जात, हात जोडत आणि भजन सुरू व्हायच्या आत घरी येत.

त्या जानेवारीतल्या रात्री मी डोळे मिटून ऐकत होतो. मुलाचा तो मोठा, कान झाकणारा हेडफोन माझ्या डोक्यावर. बाबा येऊन समोर कधी बसले मला कळलंच नाही. डोळे उघडले तर ते माझ्याकडे बघत होते. हा काय ऐकतो, असं चेहऱ्यावर. समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा ओरडणं आलं. म्हणून मी हेडफोन काढला आणि त्यांच्या कानांवर चढवला. नुसती गंमत म्हणून. त्यांना काही ऐकू येईल, असं मला वाटलंच नव्हतं.

ते स्वस्थ बसले. मी पडद्यावरच्या रेघा बघत होतो. तळाशी एक जाड पट्टा उमटला, आणि त्याच क्षणी बाबांनी माझं मनगट धरलं.

"गाय हंबरता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "वासरूं सोदता ती."

शास्त्राप्रमाणे हे चूक आहे. हंपबॅकमध्ये हे लांब गाणं गातात ते नर. पण मी काही बोललो नाही. मला दुसरंच काहीतरी लख्ख कळलं होतं. बाबांना ऐकू येत होतं!

नंतर डॉक्टरचा तो आलेख मी पुन्हा काढून पाहिला. गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी मार बसतो तो बारीक, उंच आवाजांना, ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, च, त ही व्यंजनं तिकडच्या बाजूला. म्हणून 'चहा' म्हटलं की बाबांना नुसता 'आ' पोचायचा. खालचे जाड आवाज मात्र बरेच शाबूत असतात, आणि देवमाशाचे हुंकार तिथेच, त्या खालच्या बाजूला. कागद सहा वर्षं माझ्या कपाटात होता. रेघ डावीकडे वर आहे, हे मी बघितलंही होतं. पण काय गेलं तेवढंच वाचलं, काय उरलंय ते वाचलंच नाही. आणि आम्ही ओरडत होतो. ओरडताना माणसाचा सूर वर चढतो, म्हणजे आम्ही आमचं बोलणं नेमकं बाबांच्या खंदकात नेऊन टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी समोर बसून, तोंड दिसेल असं, आवाज खाली नेऊन सावकाश सांगितलं, की तो काल ऐकलेला आवाज अमेरिकेतल्या देवमाशाचा. बाबांनी ते एका फटक्यात ऐकलं. आणि लगेच विचारलं, "आमच्या दर्यांत आसात?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आपल्याकडे देवमासा पेपरात येतो तो दोनच प्रकारे. एक, किनाऱ्याला लागलेला, जसा जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा लागला आणि तिथेच मेला. दुसरा, 'व्हेलच्या उलटी'ची तस्करी करताना अमुक इतके ताब्यात. जिवंत देवमासा आपल्या बातमीत नसतोच. मी शोधत बसलो आणि जे सापडलं ते वाचून गप्प झालो.

मार्च २०१७ मध्ये आपल्या ग्रँड आयलंडजवळच्या उथळ पाण्यात शास्त्रज्ञांनी ध्वनियंत्रं ठेवली होती. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे बिश्वजित चक्रवर्ती त्यांच्यात होते. त्या यंत्रांत हंपबॅकचं गाणं सापडलं. गोव्याच्या किनाऱ्यावर! जिथे आपण पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला होडीतून नेतो, तिथे खाली कुणीतरी गात होतं. मी रात्री जागून अमेरिकेचा ऐकत होतो आणि हा आपल्या दारात गाऊन गेला.

आणि हा आपला देवमासा जगावेगळा. बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्रांकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण समुद्रात विणीला येतात. अरबी समुद्रातले बारमाही इथेच राहतात. मोसमी वाऱ्यांनी खालचं पोषक पाणी वर येतं आणि समुद्रात खाणं पिकतं, म्हणून त्यांना दूर जायची गरज पडत नाही. पावसावर जगणारी जात, आपल्यासारखीच. सुमारे ७० हजार वर्षं ते इतरांपासून वेगळे राहिले आहेत, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभरही नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात बेकायदेशीरपणे २४२ हंपबॅक मारले होते, ही त्यामागची एक गोष्ट. २०१७ च्या शेवटी ओमानमध्ये एका मादीला उपग्रहाकडे खूण पाठवणारं यंत्र लावलं, तर ती सरळ समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तिथून खाली कन्याकुमारीकडे गेली आणि पुन्हा ओमानला परतली. तिचं नाव लुबान. म्हणजे आपला लोबान, आपण जाळतो तो. बाबांना हे नाव फार आवडलं.

पण पुढचं सांगताना मला जड गेलं. ग्रँड आयलंड मुरगाव बंदरापासून जवळ. आमच्या तालुक्यातलं खनिज ट्रकांतून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जांत, मांडवीतून खाली मुरगावला आणि तिथून जहाजांत जायचं. आधी जपानला, नंतर चीनला. म्हणजे ज्या यंत्रांनी बाबांचे कान गेले, त्यांनी काढलेला माल वाहणारी जहाजं त्या गाणाऱ्याच्या डोक्यावरून घरघरत जात होती. जहाजांची घरघरही जाड आवाजाची, देवमाशाच्या हाकेच्याच पट्टीतली. ती सुरू असली की हाक जवळच विरते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस जहाजं कमी झाली, तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरातल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी झालेली आढळली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र थोडा गप्प झाला आणि त्यांचा जीव खाली पडला.

योगायोग म्हणजे २०१२ च्याच सप्टेंबरमध्ये आपल्याकडे खाणी बंद झाल्या. त्या सकाळची शांतता आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. पाखरं ऐकू आली, असं आम्ही म्हणत होतो. आणि त्याच शांततेत किती घरांत ट्रकांच्या हप्त्यांवरून रडारड चालली होती, तेही आम्हाला ऐकू येत होतं. पुढे पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, २०२४ मध्ये डिचोलीत परत खाणकाम सुरू झालं. मला इथे न्यायनिवाडा करायचा नाही. त्या पैशावर वाढलेला माणूस मी. फक्त एवढंच, की त्या मालाची किंमत लावताना दोन गोष्टी कुठल्याच चलनावर चढल्या नाहीत. त्यातली एक आमच्या सोप्यावर बसलेली असते.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "तांचेय कान गेले म्हण."

म्हणजे त्यांचेही गेले तर. एवढंच. राग नाही, काही नाही. समव्यवसायी माणसाबद्दल बोलावं तसं.

त्यानंतर मी एक केलं. भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याला जाऊन भेटलो आणि बाबांना त्याच्या अगदी डाव्या अंगाला बसू द्या म्हणालो. पखवाजाची कणीक लावलेली बाजू, धुमाची, तिकडे. तो म्हणाला, "बसूंदी मरे." पहिल्या दिवशी बाबा नुसते बसले, हात मांडीवर. दुसऱ्या खेपेला मांडीवर बोटं चालली. यंदा कार्तिकीला ते गायले. दोन ठिकाणी चुकले. मंडळी पुढे गेली, ते पखवाजावर पुन्हा येऊन मिळाले.

ग्रँड आयलंडचा आवाज घरी बसून थेट ऐकायची सोय मला सापडलेली नाही. तोवर आम्ही दोघं अमेरिकेचाच ऐकतो. हेडफोन आता बाबांकडे असतो आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून समजतो. परवा अर्धा तास नुसती घरघर होती. बाबांनी ३२ वर्षं इंजिनं ऐकलेली. डोळे मिटूनच म्हणाले, "बोट. लोड आसा." भरलेली आहे म्हणे. मी घड्याळ बघितलं, सकाळी कचेरी होती. बंद करूया, अशी खूण केली.

त्यांनी मान हलवली आणि बोट वर केलं, थांब म्हणून. बोट जायची होती अजून.